दूरस्थ अध्यापनाची विद्या आणि नरडाण्याचा शिक्षक

१

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग धुळे शहर मागे टाकून सोनगीरवरून उत्तरेस शिरपूरकडे जाऊ लागला म्हणजे, तापीचे पात्र लागण्यापूर्वी, सुरत-भुसावळ लोहमार्गाशी त्याची जेथे गाठ पडते ते गाव नरडाणा होय. शिंदखेडा तालुक्यातील या गावाला भूगोलाने दळणवळणाचे दान मुक्तहस्ताने दिले आहे. पश्चिमेस शिंदखेडा, दोंडाईचा आणि नंदुरबार, पूर्वेस बेटावद, अमळनेर, धरणगाव आणि जळगाव ही स्थानके एकाच मार्गावरची. गावालगत औद्योगिक वसाहत वसलेली. मनमाड-इंदूर या दीर्घकाळ रेंगाळलेल्या लोहमार्गाच्या योजनेतील बोरविहीर-नरडाणा हा टप्पाही याच स्थानकाला येऊन मिळावयाचा. माल आणि माणसे यांची येथून अहोरात्र ये-जा चालते. परंतु याच परिसरातील एखाद्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत सेवेत असलेल्या शिक्षकाच्या मनात, आपण आता पदव्युत्तर अध्ययन करावे आणि तेही ऑनलाइन अध्यापनाच्या शास्त्राचे करावे, असा संकल्प उभा राहिला, तर त्याला मात्र त्या विद्येपर्यंत नेणारी वाट सहजासहजी सापडत नाही.

हा लेख कोणा एका व्यक्तीचे चरित्र नाही. दिवसभर शाळा, हजेरीपट, पोषण आहाराचा हिशेब आणि शासनाच्या संकेतस्थळांवर भरावयाची माहिती एवढे सारे उरकून रात्री पुन्हा विद्यार्थी होऊ इच्छिणाऱ्या खानदेशातील शिक्षकाचा पक्ष मांडावा, त्याच्या अध्ययनाचे उद्दिष्ट काय असावे याचा सविस्तर विचार करावा आणि त्या उद्दिष्टाच्या पूर्तीसाठी समाजाने व शासनाने त्याला काय दिले पाहिजे हे स्पष्टपणे सांगावे, एवढाच याचा हेतू आहे. अशा शिक्षकाला प्रथम विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: ‘पोरे तर समोर बसलेली आहेत, मग तुम्हाला दुरून शिकवण्याची विद्या हवी कशाला?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी या जिल्ह्यानेच अलीकडच्या काळात घेतलेल्या अनुभवाकडे पाहिले पाहिजे.

२

धुळे जिल्ह्याने शाळांच्या ‘डिजिटल’ होण्याचा प्रयोग महाराष्ट्रातील इतर अनेक जिल्ह्यांच्या आधी आणि मोठ्या प्रमाणावर केला. मूळचे धुळ्याचे आणि तेव्हा नोकरीनिमित्त न्यूयॉर्क येथे असलेले हर्षल विभांडिक यांनी आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांसाठी मोहीम हाती घेतली. काही वाटा स्वतःचा, उरलेला मोठा वाटा गावकऱ्यांच्या लोकवर्गणीचा, अशा रीतीने निधी उभा राहत गेला आणि २०१७ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या १,१०० हून अधिक शाळांत प्रक्षेपक, पडदा आणि शैक्षणिक सामग्री पोहोचली. ज्या तालुक्यांत पाऊस अनेकदा हुलकावणी देतो आणि कापसाच्या भावावर घराचे वर्ष ठरते, तेथील शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी शाळेसाठी पदरचा पैसा काढून द्यावा, ही गोष्ट खानदेशच्या लौकिकात कायमची नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकाच्या पानावरचा सांकेतिक चौकोन (क्यूआर कोड) भ्रमणध्वनीने टिपला की त्या पाठाची दृश्यफीत समोर यावी, अशी सोयही होत गेली. ही चौकोनाची कल्पना महाराष्ट्रात प्रथम रूढ करण्याचे श्रेय सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले या शिक्षकाकडे जाते.

साधने अशी येऊन पोहोचली होती, आणि तेवढ्यात मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना कुलपे लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दररोजची अभ्यासमाला पाठविण्यास आरंभ केला. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. आणि गावोगावचे शिक्षक सकाळी उठून पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दुवे धाडू लागले. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरविण्याची परवानगी राज्य शासनाने १ डिसेंबर २०२१ पासून दिली, म्हणजे जी मुले अक्षरओळखीच्या उंबरठ्यावर होती त्यांची जवळजवळ पावणेदोन वर्षे वर्गाबाहेर गेली.

या काळात देशभर झालेल्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे आकडे पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये सुमारे ६१.८ आणि २०२१ मध्ये सुमारे ६७.६ टक्क्यांवर गेले. परंतु २०२१ च्या त्याच पाहणीत असेही आढळले की, घरी स्मार्टफोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी मुळीच पडत नव्हता. याचा अर्थ कोणत्याही खेड्यातील शिक्षकाला विवरणावाचून कळेल. फोन बापाचा, बाप सकाळी कामावर वा शेतात जाणार, तो दिवेलागणीला परतणार, त्यानंतर घरातील दोन-तीन भावंडांपैकी ज्याचे वय मोठे त्याचा हक्क प्रथम, आणि मुलगी असेल तर तिची पाळी बहुधा सर्वांत शेवटी. सकाळी दहा वाजता पाठविलेला पाठ या घरात रात्री नऊ वाजता उघडतो, आणि तो उघडताना ‘हे काय आहे आणि मी काय करायचे?’ असे विचारावयास जवळ कोणी नसते.

ज्या शिक्षकांनी या काळात मुलांना खरोखर सांभाळले, त्यांनी काय केले हे आठवून पाहावे. पारावर, देवळाच्या ओट्यावर, शेताच्या बांधावर चार-चार, पाच-पाच मुले अंतरा-अंतराने बसवून ते शिकवीत राहिले; मोठ्या मुलांना लहानांचे मार्गदर्शक नेमले; वहीची पाने गोळा करून तपासून परत दिली. तो काळ शिक्षकांच्या निष्ठेच्या बळावर निभावला. परंतु निष्ठेला शास्त्राची जोड मिळाली नाही. दृश्यफीत किती लांबीची असावी, तिच्यानंतर मुलाने नेमके काय करावे, त्याचे उत्तर शिक्षकाकडे कोणत्या मार्गाने आणि किती मुदतीत परत यावे, चुकले तर त्याला काय सांगावे, आणि सलग आठ दिवस उत्तर न देणाऱ्या मुलाकडे कसे पोहोचावे, या सर्व प्रश्नांना जगात अभ्यासलेली उत्तरे आहेत, ही गोष्टच प्राथमिक शिक्षकाला त्याच्या पदविकेत किंवा प्रशिक्षणवर्गात कोणी सांगितली नव्हती. जिल्ह्यात यंत्रे आली होती. त्यांच्या मागे उभी राहावयाची विद्या यावयाची होती.

३

ही विद्या आजची नाही. इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन याने १८४० साली नव्या टपालव्यवस्थेचा उपयोग करून आपल्या लघुलेखनाचे धडे पत्राने धाडले आणि शिष्यांनी पाठविलेले स्वाध्याय दुरुस्त करून परत केले, तेव्हापासून तिचा प्रारंभ मानण्याचा प्रघात आहे. त्या पहिल्या प्रयोगातील महत्त्वाचा भाग धडा पाठविण्यात नव्हता. उत्तर तपासून परत येण्यात होता. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. त्याच्याही आधी, १९५६ साली, पुणे आकाशवाणीवरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला: सुमारे दीडशे खेड्यांत माणसे ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, ऐकलेल्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राला कळवीत. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगाचे परीक्षण पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने केले, आणि चर्चामंडळे असलेल्या गावांतील श्रोत्यांच्या ज्ञानात, केवळ रेडिओ असलेल्या गावांच्या तुलनेने, ठळक भर पडल्याचे त्याला आढळले. ध्वनी तोच, कार्यक्रम तोच. फरक घडविला तो भोवती बसून बोलणाऱ्या माणसांनी. महाराष्ट्रातल्या मातीत सिद्ध झालेले हे सूत्र पुढे २०२० मध्ये कितीजणांच्या स्मरणात होते?

याच सूत्राला पुढे सिद्धांताचे रूप आले. पूर्व आफ्रिकेत प्रौढशिक्षणाचे काम केलेले मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, गुरू आणि शिष्य यांच्यामधील खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. ते समजुतीचे आणि संवादाचे अंतर आहे. पाठाची बांधणी किती घट्ट वा सैल, गुरुशिष्यांत संवाद किती, आणि शिष्याला स्वतःच्या बळावर शिकण्याची सवय किती, या तिहींवर ते अवलंबून असते. स्वीडनचे बोर्जे होल्मबर्ग यांनी छापील धड्याची भाषादेखील संभाषणासारखी असावी, वाचणाऱ्याला कोणीतरी आपल्याशी बोलत आहे असे वाटावे, असा आग्रह धरला. अमेरिकेतील रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये माध्यमांच्या अतिरिक्त कौतुकाला लगाम घातला: किराणा वाहून आणणाऱ्या मालमोटारीमुळे जसे घरातील माणसांचे पोषण ठरत नाही, तसे केवळ माध्यमामुळे शिक्षण घडत नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे २००० साली कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी ऑनलाइन वर्गात तीन प्रकारच्या उपस्थितीची गरज दाखविली: शिकणाऱ्यांचा परस्परांशी स्नेहसंबंध, विषयाशी त्यांची बौद्धिक झटापट, आणि या दोहोंना वळण देणारे शिक्षकाचे अस्तित्व.

आता मूर यांचा सिद्धांत हाती घेऊन आपल्या दोनशिक्षकी शाळेत या. पहिली ते चौथी असे चार वर्ग, शिक्षक दोन. त्यांतील एक कधी बैठकीस, कधी निवडणुकीच्या कामास, कधी तालुक्याच्या कचेरीत कागद घेऊन गेलेला. दोन्ही शिक्षक हजर असले तरी, एक शिक्षक ज्या वेळी तिसरीला भागाकार शिकवीत असतो त्या वेळी त्याच खोलीतली चौथी शिक्षकावाचून असते. ती मुले त्याच्यापासून दहा हातांवर बसलेली आहेत, आणि तरीही शैक्षणिक अर्थाने ती तितकीच दूर आहेत जितका आपल्या गावाहून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम करणारा पत्रविद्यार्थी दूर असतो. शिक्षक प्रत्यक्ष बोलत नसताना मुलाचे शिकणे चालू राहील असा पाठ कसा रचावा, हा बहुवर्ग अध्यापनाचा प्रश्न आणि हाच दूरस्थ अध्यापनाचा प्रश्न. ‘पोरे समोर असताना ही विद्या कशाला?’ या पृच्छेचे उत्तर येथे आहे. महामारी संपली, शाळा उघडल्या, तरी एका खोलीतील हे अंतर उरले आहे आणि दररोज अकरा ते पाच उरणार आहे.

४

खानदेशला ही दृष्टी बाहेरून उसनी आणावयाची गरज नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा सलग अठरा रविवारी ती झाली. ऐकणारे होते तुरुंगातील सत्याग्रही बंदी. आणि ती टिपून घेणारे होते साने गुरुजी. भिंतीआड मोजक्या माणसांपुढे उच्चारलेली वाणी गुरुजींच्या लेखणीने जशीच्या तशी पकडली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला, आणि अनेक भाषांतून तो लक्षावधी वाचकांपर्यंत गेला. ज्यांना विनोबांचे दर्शन कधी घडले नाही त्यांनाही ते समोर बसून बोलत आहेत असे त्या ग्रंथात वाटते, याचे कारण ती प्रवचने खरोखर कोणाच्यातरी समोर बसून, त्यांच्या अडचणी ओळखून, त्यांच्याशी बोललेली होती. अनुपस्थित श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे रहस्य उपस्थित श्रोत्याच्या जिव्हाळ्यात आहे, हे यावरून शिकावे.

नरडाण्याहून रेल्वेने बेटावद ओलांडले की थोड्याच वेळात अमळनेर येते. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक होते आणि वसतिगृहाची व्यवस्थाही पाहत. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हे हस्तलिखित चालवीत. वर्गातील तास संपल्यावरही मुलापर्यंत शिक्षकाचा शब्द पोहोचावा, मुलाने तो आपल्या सवडीने वाचावा, आणि शिक्षक जवळ नसतानाही त्याला आपल्या शिक्षकाची सोबत वाटावी, ही त्या उद्योगामागची प्रेरणा. गॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याला शिक्षकाची उपस्थिती म्हटले ती गुरुजींनी शाई आणि कागद एवढ्याच साधनांनी साधली होती. तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने कुरणापर्यंत जावे, हा त्यांचा निश्चय. आजच्या शिक्षकाने ऑनलाइन अध्यापनाचे अध्ययन करावे ते या परंपरेचा वारस म्हणून.

५

मग या अध्ययनाची उद्दिष्टे कोणती असावीत? नवनवीन उपयोजने हाताळता येणे हे उद्दिष्ट होऊ शकत नाही, कारण ती दर दोन वर्षांनी बदलतात आणि त्यांचा सराव चौथीतील हुशार मूलही शिक्षकाच्या आधी करते. पदवीमुळे मिळणारी वेतनवाढ वा बढती यांची अपेक्षा करणे गैर नाही, परंतु तेवढ्यावर दोन-तीन वर्षांच्या रात्री जागण्याचे बळ कोणाला येत नाही.

पहिले उद्दिष्ट पाठरचनेचे. शिक्षकाच्या अनुपस्थितीत मुलाला पेलेल असा पाठ लिहिता, बोलता आणि ध्वनिमुद्रित करता आला पाहिजे. अशा पाठाला आरंभी स्पष्ट सूचना लागते; एका वेळी एकच नवी कल्पना लागते; मध्ये मध्ये थांबून मुलाने हाताने काही करून पाहावे अशी जागा लागते; आणि शेवटी त्याला स्वतःलाच आपले उत्तर ताडून पाहता यावे अशी सोय लागते. फोन असला तर तो फोनवर, नसला तर छापील कार्डावर, असा दोन्ही रूपांत तो तयार हवा; कारण ज्या घरात इंटरनेटचे पैसे महिनाअखेर संपतात त्या घरातील मूल अभ्यासक्रमाच्या बाहेर पडता कामा नये. या रचनेत भाषेचा विचार अगत्याचा आहे. नरडाण्याच्या परिसरातील पुष्कळ मुलांची घरची बोली अहिराणी आहे. शिरपूर-साक्रीकडील आदिवासी पाड्यांत पावरी आणि भिली आहे. प्रत्यक्ष वर्गात शिक्षक मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून प्रमाण मराठीतून त्याच्या बोलीत सहज उतरतो. ध्वनिमुद्रित पाठ चेहरा पाहू शकत नाही, म्हणून ते उतरणे आधीच योजून ठेवावे लागते. पुण्या-मुंबईत तयार झालेली फीत हे काम करू शकणार नाही. ते खानदेशातल्या शिक्षकालाच करावे लागेल.

दुसरे उद्दिष्ट प्रतिसादाचे. मुलाने सोडविलेला स्वाध्याय शिक्षकाकडे यावा, त्यातील चुकीचे कारण शिक्षकाने ओळखावे, आणि ‘चूक’ एवढाच शेरा न मारता पुढचे पाऊल दाखविणारे दोन शब्द मुलापर्यंत परत जावेत, ही पिटमनच्या काळापासूनची या विद्येची आधारशिला आहे. चाळीस मुलांना दररोज असे उत्तर देणे एका माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून कोणत्या चुका संगणकाने तपासाव्यात, कोणत्या मुलांनी एकमेकांच्या तपासाव्यात, आणि कोणत्या शिक्षकानेच पाहिल्या पाहिजेत, याचा विवेक करावयास शिकणे हा पदव्युत्तर अध्ययनाचा विषय आहे.

तिसरे उद्दिष्ट संशोधनाचे. आपल्याकडे शैक्षणिक निर्णय वरून खाली येतात. आणि यशाचा अहवाल खालून वर जातो. या दोहोंच्या मध्ये, प्रत्यक्ष काय घडले याची प्रामाणिक नोंद क्वचितच कोणी ठेवतो. संशोधनपद्धती शिकलेला शिक्षक आपल्याच शाळेत विचारू शकेल: प्रक्षेपकावर दाखविलेला पाठ आणि फळ्यावर शिकविलेला पाठ यांनंतर एक महिन्याने मुलांना काय आठवते? घरी ऐकलेल्या गोष्टीने वाचनाचा वेग वाढतो काय? मुलींपर्यंत फोन किती पोहोचतो? लोकवर्गणीतून आलेल्या यंत्रांचा पुढे उपयोग कसा आणि किती झाला? अशा प्रश्नांची उत्तरे गावाला देणे हे, ज्या गावाने पदरचे पैसे घातले, त्याचे ऋण फेडणे आहे. उत्तर प्रतिकूल आले तरी ते तितक्याच निर्भयपणे मांडावे, हे धैर्यही त्या शिक्षणाचाच भाग आहे.

चौथे उद्दिष्ट सहकाऱ्यांच्या सेवेचे. प्रत्येक केंद्रात शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तालुक्याला गटसाधन केंद्र आहे. धुळ्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. या साऱ्या रचनेत एक उणीव आहे: शिक्षकाला ऑनलाइन प्रशिक्षण देणाऱ्या व्यवस्थाच पुष्कळदा ऑनलाइन अध्यापनाचे शास्त्र पाळीत नाहीत. लांबलचक व्याख्यानाची फीत, तिच्याखाली बहुपर्यायी प्रश्न, आणि शेवटी प्रमाणपत्र. संवाद कोठेच नाही. अशा प्रशिक्षणात शिक्षकाचे लक्ष प्रमाणपत्राच्या क्रमांकावर राहिले तर त्याला दोष देता येत नाही. नरडाण्याच्या परिसरातील दहा-बारा शाळांच्या शिक्षकांसाठी एखादा लहान, मराठीत चालणारा, परस्परांच्या पाठांवर चर्चा करणारा अभ्यासगट चालविता आला, तर त्या शिक्षकाची पदवी सार्थकी लागली असे म्हणावे.

६

या अध्ययनाच्या वाटा कोणत्या? महाराष्ट्राचे भाग्य असे की, येथे मुक्त शिक्षणाची पायाभरणी थोर विचाराने झाली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांनी ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद प्रत्यक्षात आणण्यासाठी स्वयंअध्ययनाची मराठी पुस्तके, अभ्यासकेंद्रे आणि मार्गदर्शनाची संमंत्रणसत्रे यांची व्यवस्था उभी केली. सेवेतील हजारो शिक्षकांनी आपली बी.एड. आणि त्यापुढील पदवी याच विद्यापीठातून, नोकरी न सोडता मिळविली आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तर दूरशिक्षण याच विषयात एम.ए. ची पदवी ठेवली. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून खानदेशचे स्वतःचे विद्यापीठ आहे. २०१७ पासून ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठावर अनेक अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात.

दूरस्थ पद्धतीने हे शास्त्र शिकण्यात आणखी एक लाभ आहे. संध्याकाळी अभ्यासाला बसलेल्या शिक्षकाला स्वतःलाच तेव्हा कळते की, पाठविलेल्या स्वाध्यायाला दोन महिने उत्तर आले नाही म्हणजे मनाची काय अवस्था होते, आणि संमंत्रकाने एक ओळ आपल्या नावाने लिहिली म्हणजे किती उभारी येते. असा अनुभव घेतलेला शिक्षक आपल्या मुलांच्या वह्या वेळेत परत करतो.

वाटेतील अडथळेही तितकेच खरे आहेत. पहिला भाषेचा. मूर, होल्मबर्ग, गॅरिसन यांचे लेखन इंग्रजीत आहे. मराठीत या विषयावर तुरळक पाठ्यपुस्तके सोडली तर स्वतंत्र वाङ्मय फारच थोडे. ज्या शिक्षकाचे सारे शिक्षण मराठीत झाले त्याच्या आकलनाची शक्ती विषय समजण्याऐवजी भाषा समजण्यात खर्ची पडते. दुसरा अडथळा वेळेचा. शाळेची वेळ संपल्यावर उरणारा अवधी माहितीच्या तगाद्यांनी खाल्ला जातो. कधी पटाची माहिती, कधी आधार क्रमांकांची जुळणी, कधी मतदारयादी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा केली आहे, आणि त्याच धोरणाने ऑनलाइन शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. ही अपेक्षा योग्य आहे. पण ते ५० तास शिक्षकाच्या दिनक्रमातून कोणते काम कमी करून काढावयाचे, हे ठरविल्यावाचून ती पूर्ण होणार नाही.

तिसरा अडथळा रजेचा. शासकीय सेवेच्या नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. परंतु प्राथमिक शिक्षकाने तिच्यासाठी अर्ज करावा ही कल्पनाच अद्याप प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली नाही. रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलर्सचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांचा गौरव केला. परंतु पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत अध्ययनासाठी जाण्यास त्यांनी मागितलेल्या रजेचा प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये वृत्तपत्रांतून गाजला आणि तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर त्याचा मार्ग मोकळा झाला. शाळेतील मुलांचे त्या काळात काय, ही प्रशासनाची चिंता अनाठायी नाही. दोनशिक्षकी शाळेतून एक शिक्षक गेला तर अर्धी शाळा रिकामी होते. परंतु ज्याला सारे जग ओळखते त्याच्या रजेसाठी मंत्र्यांना लक्ष घालावे लागत असेल, तर ज्याचे नाव तालुक्याबाहेर कोणाला ठाऊक नाही अशा शिक्षकाने अर्ज तरी कोणत्या आशेने करावा?

७

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. पहिली, दूरस्थ पद्धतीने पदव्युत्तर अध्ययन करणाऱ्या सेवेतील शिक्षकाला परीक्षा आणि संमंत्रणसत्रे यांपुरती रजा विनासायास मिळावी, आणि त्या मुदतीत शाळेला बदली शिक्षक देण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेने स्वीकारावी. दुसरी, त्याचा प्रबंध वा प्रकल्प स्वतःच्या शाळेवर असेल तर ते काम त्याच्या व्यावसायिक विकासाच्या तासांत धरले जावे, म्हणजे अभ्यास आणि नोकरी या दोन वेगळ्या ओझ्यांऐवजी एकाच उद्योगाची दोन अंगे होतील. तिसरी, मुक्त विद्यापीठाने आणि उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या शास्त्रातील मूळ सिद्धांतांचे, भारतातील व महाराष्ट्रातील प्रयोगांसह, मराठीत सुबोध विवेचन करणारे ग्रंथ सिद्ध करावेत. १९५६ च्या श्रोतृमंडळांसारखे घरचे प्रयोग आपल्याच शिक्षकांना परक्या भाषेतून वाचावे लागू नयेत. चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, अशी पदवी मिळविलेल्या शिक्षकाला वर्गातून उचलून कचेरीत बसवू नये. त्याला वर्गातच ठेवून आठवड्यातील एक दिवस आसपासच्या शाळांना साहाय्य करण्यासाठी मोकळा करावा.

शिक्षकाकडूनही एक वचन अपेक्षित आहे. त्याने मिळविलेली विद्या ज्या मुलापर्यंत फोन शेवटी पोहोचतो त्या मुलापासून वापरावयास आरंभ करावा. शहरातील सुसज्ज वर्गासाठी उत्तम पाठ रचणारे तज्ज्ञ पुष्कळ आहेत आणि पुढेही होतील. परंतु एका खोलीत दोन वर्ग, घरात एक फोन आणि ओठांवर अहिराणी असलेल्या मुलीसाठी पाठ रचणारा तज्ज्ञ नरडाण्याच्या आसपासच घडू शकतो, कारण ती मुलगी कोठे अडते हे दररोज पाहणारा दुसरा कोणी नाही. डिजिटल शाळांसाठी या जिल्ह्यातील गावांनी लोकवर्गणी दिली ती याच विश्वासाने की, यंत्र चालविणारा गुरुजी आपल्या लेकरांचे भले जाणतो. त्या गुरुजीला शिकण्याची सवड, ग्रंथ आणि मान देणे हा त्या वर्गणीचा राहिलेला हप्ता आहे. आणि तो भरण्याची पाळी आता शासनाची आहे.